तपासण्या नव्हत्या, म्हणून रुग्ण नव्हते: स्कॉट काउंटीचं प्रकरण

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा) एचआयव्हीचे नवे रुग्ण वर्षाला पाचाच्या आत सापडत. काउंटीची वस्ती चोवीस हजारांच्या आसपास, लोक बहुतेक श्वेतवर्णीय, शेतीवाडी आणि थोडेफार कारखाने. हा रोग मोठ्या शहरांचा, आपल्याकडचा नव्हे, अशी एकंदर समजूत होती. मग १८ नोव्हेंबर २०१४ ते १ नोव्हेंबर २०१५ या काळात १८१ जणांना एचआयव्हीचं निदान झालं. त्यातले बहुतेक ऑस्टिन या एकाच गावातले. (हे ऑस्टिन टेक्सासमधलं नव्हे. हायवेच्या कडेचं, सव्वाचार हजार वस्तीचं गाव आहे.) ग्रामीण अमेरिकेत सुईवाटे पसरलेली एचआयव्हीची इतकी मोठी साथ त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

हे प्रकरण सहसा व्यसनाची कहाणी म्हणून सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण निम्मंच आहे. विषाणू येण्याआधी त्या काउंटीतून काय काय निघून गेलं होतं आणि काय कधी आलंच नव्हतं, ते पाहिल्याशिवाय उरलेलं निम्मं कळत नाही.

गाव आणि दवाखाना

इंडियानापोलिसहून केंटकीतल्या लुइव्हिलला जाणारा इंटरस्टेट ६५ हा महामार्ग स्कॉट काउंटीतून जातो. लुइव्हिल तिथून पन्नासेक किलोमीटरवर. म्हणजे नकाशावर पाहिलं तर ही जागा दुर्गम वाटत नाही. तासाभरात मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात पोहोचता येतं. अट एवढीच की स्वतःची गाडी हवी, पेट्रोलला पैसे हवेत, आणि कामावरून एक दिवस मोकळा मिळायला हवा. सीडीसी, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, साथीच्या वेळी दिलेले आकडे असे होते: दारिद्र्यरेषेखालचे लोक १९ टक्के, बेरोजगारी ८.९ टक्के, शालेय शिक्षण पूर्ण न केलेले २१.३ टक्के. राज्यातल्या ९२ काउंट्यांच्या आरोग्य क्रमवारीत स्कॉट काउंटी वर्षानुवर्षं तळाशी. आयुर्मानही कमी.

ऑस्टिनमध्ये डॉक्टर एकच होते. विल्यम कुक या फॅमिली डॉक्टरांनी २००४ मध्ये तिथे दवाखाना थाटला, तोवर तेही नव्हते. काउंटीचं ठाणं असलेल्या स्कॉट्सबर्गला लहान इस्पितळ होतं, पण एचआयव्हीचा किंवा व्यसनोपचाराचा तज्ज्ञ नव्हता. व्यसन सोडायचं ठरवलं तर उपचार घ्यायचे कुठे, या प्रश्नाला काउंटीच्या हद्दीत धड उत्तर नव्हतं.

स्कॉट्सबर्गमध्ये प्लॅन्ड पेरेंटहुड या, गर्भपाताच्या सेवेमुळे वादात असणाऱ्या, कुटुंबनियोजन संस्थेचं एक छोटं केंद्र होतं. तिथे गर्भपात होत नसत. गर्भनिरोधन, लैंगिक आजारांच्या तपासण्या आणि एचआयव्हीची चाचणी एवढं काम चाले. सार्वजनिक आरोग्याच्या निधीला कात्री लागल्यानंतर २०१३ मध्ये ते बंद झालं. काउंटीत मोफत एचआयव्ही चाचणी होणारी ती एकच जागा होती.

केंद्र बंद झालं त्या दिवशी कुणी आजारी पडलं नाही. म्हणूनच असे निर्णय सोपे असतात. पुढच्या वर्षीच्या अहवालात एचआयव्हीचा रकाना पुन्हा जवळजवळ रिकामाच राहिला आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. रिकाम्या रकान्याचे दोन अर्थ होतात, रोग नाही किंवा तपासणी नाही, आणि नुसत्या रकान्याकडे बघून त्यातला कुठला खरा ते सांगता येत नाही.

गोळी

इथे ज्या औषधाने घात केला ते ऑक्सिमॉर्फोन, ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक. ओपाना ईआर या नावाने एंडो कंपनी ते विकायची. तीव्र वेदनांसाठीची, बारा तास हळूहळू विरघळत राहणारी ही गोळी. २०१० मध्ये ऑक्सिकॉन्टिन या दुसऱ्या वेदनाशामकाची बनावट बदलली आणि ते चुरून ओढणं अवघड झालं, तेव्हा व्यसनी लोक ओपानाकडे वळले. मग ओपानाचीही बनावट बदलली. नवी गोळी चुरता येऊ नये अशी घट्ट होती, नाकाने ओढणं त्यामुळे कठीण झालं. लोकांनी व्यसन सोडलं नाही, ओढणं सोडून टोचायला लागले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, २०१७ मध्ये ही गोळी बाजारातून काढून घ्या असं कंपनीला सांगितलं, तेव्हा नाकाकडून शिरेकडे झालेली हीच सरक हे मुख्य कारण दिलं होतं. गैरवापराच्या परिणामांसाठी एखादं ओपिऑइड मागे घ्यायला त्या खात्याने सांगण्याची ती पहिली वेळ.

गैरवापर थांबवायला केलेल्या सुधारणेतून गैरवापराचा अधिक घातक प्रकार निघाला. धोरण ठरवणाऱ्यांनी या प्रकरणातली दुसरी कुठली गोष्ट लक्षात ठेवली नाही तरी चालेल, ही ठेवावी. नशेकडे जाण्याची एक वाट बंद केली की माणूस आहे तिथेच थांबेल, या गृहीतकाला कुठलाही आधार नव्हता.

टोचण्याची पद्धत समजून घेतल्याशिवाय १८१ हा आकडा कळत नाही. काळ्या बाजारात गोळी महाग, त्यामुळे एक गोळी तीन-चार जणांत वाटली जाई. औषधाचा अंमल लवकर उतरे आणि अंगदुखी, उलट्या, घाम सुरू होई, म्हणून दिवसातून ४ ते १५ वेळा टोचणं, एका बैठकीला एकापासून सहा जणांपर्यंत माणसं. नव्या बनावटीमुळे द्रावण जास्त व्हायचं, एका सिरिंजमध्ये मावायचं नाही, म्हणून तीच सुई पुन्हा भरून पुन्हा टोचावी लागे. भांडं तेच, पाणी तेच, गाळायचा कापूस तोच. एका घरात आजी, मुलगी आणि नातू अशा तीन पिढ्या एकत्र टोचताना आरोग्य कर्मचाऱ्यांना आढळल्या. अंधाऱ्या गल्लीत अनोळखी माणसांकडून सुई घेण्याचं जे चित्र डोक्यात असतं त्याच्याशी याचा काही संबंध नाही. सुई सख्ख्यांच्या हातातून सख्ख्यांच्या हातात जात होती, आणि सख्ख्या माणसाला कुणी "तुझी चाचणी झालीय का?" असं विचारत नाही.

नव्या सुया का नव्हत्या? कारण इंडियानाच्या कायद्याने नशेच्या हेतूने सिरिंज बाळगणं हा तुरुंगवासाचा गुन्हा होता आणि सुया वाटण्याची केंद्रं बेकायदा होती. खिशात सुई सापडली की अटक, म्हणून कुणी स्वतःची सुई जवळ ठेवत नसे. जिथे बैठक तिथली सुई वापरायची. संसर्गाच्या दृष्टीने याहून वाईट व्यवस्था आखायची म्हटलं असतं तरी आखता आली नसती.

आधी आलेले इशारे

२०१२ मध्ये टेनेसी राज्यात ओपाना टोचणाऱ्यांमध्ये रक्तातल्या प्लेटलेट घसरण्याचा एक दुर्मीळ, गंभीर आजार दिसला. एफडीएने त्याच वर्षी ऑक्टोबरात इशारा दिला. म्हणजे तोंडावाटे घ्यायची गोळी शिरेत जाते आहे हे २०१२ मध्येच सरकारदरबारी नोंदलं गेलं होतं.

दुसरा इशारा घरचाच. २०१०-११ च्या सुमाराला याच भागात हिपॅटायटिस सीचे रुग्ण वाढले. हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा, एचआयव्हीपेक्षा सुईवाटे जास्त सहज लागणारा विषाणू. सुया वाटून घेणाऱ्यांमध्ये तो सहसा आधी पोहोचतो. तो एखाद्या ठिकाणी पसरला याचा अर्थ रक्त एका शरीरातून दुसऱ्यात जायची वाट तयार झाली आहे. त्या वाटेने उद्या आणखी काय येईल हे फक्त योगायोगावर. पुढे रुग्णांच्या नमुन्यांचं जनुकीय विश्लेषण झालं, त्यात हे फार स्पष्ट दिसलं. हिपॅटायटिस सीचे वेगवेगळे वाण, वेगवेगळ्या वेळी गावात शिरलेले. एचआयव्हीचं मात्र जवळपास एकच कुळ: १५९ रुग्णांच्या विषाणूची जनुकीय मांडणी तपासली, त्यातल्या १५७ जणांचा विषाणू एकमेकांशी अगदी जवळचा निघाला. एचआयव्ही त्या जाळ्यात कुणाएकाबरोबर, बहुधा एकदाच, आला. जाळं मात्र कित्येक वर्षं आधीपासून विणलेलं होतं.

या १८१ जणांपैकी ९२.३ टक्के लोकांना हिपॅटायटिस सी होताच. त्यांच्यापैकी कुणी त्या आधीच्या वर्षांत एखाद्या दवाखान्याच्या दारात गेलं असतं, तिथे दोन्ही चाचण्या झाल्या असत्या, आणि नंतर कुणी त्याचा पाठपुरावा केला असता, तर? "असतं"ची ही रांग फार लांब होते, म्हणून इथेच थांबतो.

जानेवारी ते मार्च

२३ जानेवारी २०१५ ला राज्याच्या आरोग्य खात्याने चौकशी सुरू केली, तेव्हा रुग्ण ११. इतक्या छोट्या काउंटीत दोन-अडीच महिन्यांत ११ म्हणजे काहीतरी मोठं बिनसलं आहे हे शोध घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना लगेच कळलं. संपर्कातल्या माणसांचा शोध घेणं हे त्यांचं काम. ते घरोघर फिरले. अनेकांकडे फोन नव्हता, पत्ता पक्का नव्हता, आज या घरात तर उद्या त्या. शेवटी रुग्णांनी सांगितलेल्या ५३६ नावांपैकी ४६८ माणसं सापडली, तपासली गेली. अशा वस्तीत ८७ टक्के लोक शोधून काढणं हे या प्रकरणातलं सर्वांत कमी बोललं गेलेलं आणि माझ्या मते सर्वांत मोठं काम. त्यातून एक मोजमापही निघालं: एखाद्याचं नाव सुई वाटून घेणारा म्हणून जितके जास्त रुग्ण सांगतील तितका त्याचा धोका वाढतो, दर उल्लेखामागे जवळपास दुपटीने.

रुग्ण वाढत होते आणि सुया वाटायला कायद्याची मनाई होती. गव्हर्नर माइक पेन्स यांचा अशा केंद्रांना विरोध होता आणि तो त्यांनी लपवलाही नव्हता. २६ मार्चला त्यांनी आणीबाणी जाहीर केली आणि फक्त स्कॉट काउंटीपुरती, फक्त ३० दिवसांसाठी, सुया वाटायला परवानगी दिली. चौकशी सुरू झाल्यापासून दोन महिने गेले होते. ४ एप्रिलला केंद्र सुरू झालं. इंडियानातलं हे पहिलं. २१ एप्रिलपर्यंत रुग्णांचा आकडा १३५ वर गेला होता. ५ मे रोजी राज्याने कायदा केला: एखाद्या काउंटीने साथ आहे असं जाहीर करावं, राज्याच्या आरोग्य आयुक्तांची मंजुरी घ्यावी, मग केंद्र चालवावं. राज्याचा पैसा सुयांवर खर्च करता येणार नाही, हेही त्यात आलंच.

केंद्र सरकारच्या पैशाचं तर वेगळंच. सुया वाटायला केंद्र सरकारचा निधी वापरण्यावर १९८८ पासून बंदी होती. २००९ मध्ये ती उठली, २०११ मध्ये परत आली आणि २०१५ च्या डिसेंबरात, म्हणजे ही साथ होऊन गेल्यावर, अर्धवट उठली. आता त्या निधीतून कर्मचाऱ्यांचा पगार देता येतो, गाडी चालवता येते, चाचण्या करता येतात. सुई मात्र विकत घेता येत नाही.

एका छताखाली

सुरुवातीला सुया घ्यायला फारसं कुणी आलं नाही. कायद्याने आज परवानगी दिली म्हणून पोलिसांबद्दलची वर्षांची भीती उद्या जात नाही. सभासदाला ओळखपत्र देण्यात आलं. त्यावर नाव नव्हतं, सांकेतिक क्रमांक होता, आणि ते दाखवलं की सुई बाळगल्याबद्दल अटक होणार नाही असं ठरलं. मग काउंटीची परिचारिका स्वतः गाडी घेऊन गल्ल्यांमधून फिरू लागली, तेव्हा लोक दारात आले. केंद्रात बसून वाट पाहण्यापेक्षा हा फेरफटका जास्त कामाचा ठरला.

ऑस्टिनमध्ये एक मदत केंद्र उघडलं होतं, तिथे एकाच ठिकाणी एचआयव्हीची चाचणी, हिपॅटायटिस ए आणि बीची लस, व्यसनोपचाराची चिठ्ठी, विम्याचा अर्ज, आणि सोबत जन्मदाखला आणि राज्याचं ओळखपत्र काढून देणारी खिडकी. शेवटची दोन कामं वाचताना डोळा त्यावरून पुढे सरकतो, पण खरी गोम तिथे आहे. विम्याशिवाय एचआयव्हीच्या गोळ्या परवडत नाहीत. विम्याच्या अर्जाला ओळखपत्र लागतं. ओळखपत्राला जन्मदाखला. जन्मदाखला काढायला पैसे, पत्ता आणि कुठल्यातरी कार्यालयात जायला गाडी. नोकरी गेलेल्या, घर सुटलेल्या, तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाकडे यातलं एकही नसतं. उपचार उपलब्ध आहे, फुकट आहे, दहा किलोमीटरवर आहे, तरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण साखळीतली पहिली कडीच तुटलेली असते. आणीबाणीत सरकारने ही साखळी एका सभागृहात आणून ठेवली. ती आधीही आणता आली असती; त्यासाठी विषाणूची परवानगी लागत नव्हती.

एक गोष्ट नशिबाने जुळली. इंडियानाने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, विस्तार, तिथे त्याला हेल्दी इंडियाना प्लॅन २.० म्हणतात, १ फेब्रुवारी २०१५ ला लागू केला. अल्प उत्पन्नाच्या ज्या प्रौढांना आधी कुठलाच विमा मिळत नव्हता ते त्यात आले. साथ वर्षभर आधी उघड झाली असती तर निदान झालेल्यांपैकी कित्येकांना गोळ्यांचे पैसे कोण देणार हा प्रश्न अनुत्तरित राहिला असता. अमेरिकेत एका एचआयव्ही रुग्णाच्या जन्मभराच्या उपचाराचा खर्च ४ लाख डॉलरच्या घरात धरतात. त्याला १८१ ने गुणून पाहावं, आणि शेजारी बंद पडलेल्या छोट्या केंद्राचा वर्षाचा खर्च मांडून पाहावा.

उपचार गावातच देण्याचा निर्णय झाला. इंडियाना विद्यापीठातले तज्ज्ञ ऑस्टिनला येऊ लागले, कुक यांच्या दवाखान्यातच एचआयव्हीचे रुग्ण तपासले जाऊ लागले. सुरुवातीला हे जमेल का याबद्दल बाहेरच्यांना शंका होती: टोचून घेणारी माणसं रोजच्या रोज गोळ्या कशा घेणार? पुढे सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांच्या रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा होण्याइतका दबला. विषाणू असा दबलेला राहिला की स्वतःची तब्येत टिकते आणि इतरांना लागण व्हायची शक्यताही जवळपास संपते. व्यसनी माणूस उपचार नीट घेणार नाही हा समज दवाखाना लांब असल्यामुळे तयार झालेला असू शकतो, एवढं तरी यातून दिसलं.

सुया किती कामाच्या?

या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे लोक घाईने बोलतात, म्हणून जरा थांबायला हवं. येल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये "लॅन्सेट एचआयव्ही" या नियतकालिकात या साथीचं गणिती प्रतिरूप मांडलं. त्यांच्या हिशेबाने निदान न झालेले संसर्ग १० जानेवारी २०१५ च्या आसपास शिखरावर होते. आणीबाणी त्यानंतर दोन महिन्यांहून जास्त काळाने आली, सुया त्याहून नंतर. म्हणजे साथ मोडली ती एकट्या सुयांनी, असं म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१५ पर्यंतचे त्यांच्या अंदाजाने १८३-१८४ संसर्ग बहुतांशी आधीच होऊन गेले होते.

यातून सुया वाटणं निरुपयोगी, असा अर्थ काढणारे पुढचा भाग वाचत नाहीत. त्याच प्रतिरूपात असं निघालं की हीच उपाययोजना १ जानेवारी २०१३ ला सुरू झाली असती तर संसर्ग ५६ किंवा त्याहून कमी राहिले असते, आणि १ एप्रिल २०११ ला, म्हणजे हिपॅटायटिस सीच्या वाढीनंतर लगेच, सुरू झाली असती तर दहा किंवा त्याहून कमी. प्रतिरूप म्हणजे घडलेली गोष्ट नव्हे. २०११ मध्ये २०१५ च्या तडफेने सगळे कामाला लागले असते हे गृहीत धरलं आहे, आणि ते गृहीतक उदार आहे. डोळ्यांसमोर १८१ रुग्ण नसताना कुणी तेवढी धावपळ करत नाही. तरी दिशा पक्की आहे. सीडीसीच्या म्हणण्यानुसार सुया वाटणाऱ्या केंद्रांमुळे एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीचे नवे संसर्ग साधारण निम्म्याने घटतात. पण ही केंद्रं साथीच्या आधी असावी लागतात.

यानंतर सीडीसीने देशभरच्या काउंट्यांची छाननी केली. अतिमात्रेने झालेले मृत्यू, ओपिऑइडची विक्री, उत्पन्न, बेरोजगारी असे सहा निकष लावून, स्कॉट काउंटीसारखं पुढे कुठे होऊ शकतं याची यादी काढली. २६ राज्यांतल्या २२० काउंट्या त्यात आल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक केंटकी, टेनेसी आणि वेस्ट व्हर्जिनिया या तीन राज्यांतल्या. स्कॉट काउंटी स्वतः त्या यादीत ३२ वी. म्हणजे जिथे साथ प्रत्यक्ष झाली तिच्याहून जास्त धोक्यातल्या ३१ काउंट्या होत्या, आणि तिथे फक्त विषाणू पोहोचायचा बाकी होता.

२०२१ चा ठराव

पुढच्या वर्षांत काउंटीतले एचआयव्हीचे नवे रुग्ण एक आकडी झाले. या वेळी आकडा लहान होता तो तपासण्या होत असताना. आणि जून २०२१ मध्ये काउंटीचा कारभार बघणाऱ्या तीन आयुक्तांपुढे सुया वाटणारं केंद्र चालू ठेवायचं का, हा विषय आला. २०१५ मध्ये राज्याचे आरोग्य आयुक्त असलेले आणि पुढे देशाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत सरकारच्या वतीने बोलणारे प्रमुख डॉक्टर, झालेले डॉ. जेरोम अ‍ॅडम्स स्वतः येऊन केंद्र ठेवा म्हणून बोलले. डॉक्टर बोलले, बरे झालेले लोक बोलले. मतदान झालं: दोन विरुद्ध एक, केंद्र बंद. २०२२ उजाडेपर्यंत ते गुंडाळायचं ठरलं.

बंद करणाऱ्यांना मूर्ख ठरवून मोकळं होणं सोपं आहे. त्यांचं म्हणणं काय होतं? दारुड्याला आपण बाटली विकत घेऊन देत नाही, मग सुई का द्यायची. अतिमात्रेने माणसं मरतायत आणि त्यांच्या हातातली सुई आपण दिलेली असते, हे मनाला लागतं. हा प्रश्न ज्यांच्या शेजारच्या घरात मयत झाली आहे ते विचारत होते. त्याला "शास्त्र असं सांगतं" हे उत्तर पुरत नाही. पण युक्तिवादात एक खोट आहे. त्या केंद्रातून फक्त सुया जात नव्हत्या. अतिमात्रा झाली तर जीव वाचवणारं नॅलोक्झोन तिथेच मिळे. उपचाराची चिठ्ठी तिथे मिळे. आणि चाचणी तिथे होई. नुसत्या चाचणीसाठी, कुणी ओळखीचं भेटेल अशा लहान गावात, सरकारी इमारतीत जायला तयार होणारे थोडे. सुई घ्यायला आलेला माणूस मात्र ओळखीच्या परिचारिकेला बाही वर करून हात पुढे करतो. सुई हे आमिष म्हणा हवं तर. त्या आमिषाने २०१३ नंतर काउंटीत हरवलेली तपासणी परत आली होती.

म्हणून २०२१ च्या ठरावाकडे मी व्यसनाविषयीचा निर्णय म्हणून बघत नाही. काउंटीने स्वतःकडे बघण्याची एक खिडकी दुसऱ्यांदा लावून घेतली. पहिल्या वेळी कारण पैशाचं होतं, दुसऱ्या वेळी नीतीचं.

पैसा

शेवटी उरतो तो सगळ्यात नीरस भाग. इंडियाना सार्वजनिक आरोग्यावर दरडोई कमी खर्च करणाऱ्या राज्यांपैकी एक होतं आणि काउंटीचं आरोग्य खातं म्हणजे बऱ्याच ठिकाणी दोन-चार माणसांचं कार्यालय. साथ आली तेव्हा फिरणाऱ्या परिचारिकेच्या अंगावर लसीकरण, जन्ममृत्यूचे दाखले, सगळंच होतं. २०२३ मध्ये राज्याने "हेल्थ फर्स्ट इंडियाना" नावाचा कायदा करून काउंट्यांच्या आरोग्य खात्यांना दोन वर्षांत २२.५ कोटी डॉलर द्यायचं ठरवलं: पहिल्या वर्षी साडेसात कोटी, दुसऱ्या वर्षी १५ कोटी. पैसे घ्यायचे की नाही हे प्रत्येक काउंटीने ठरवायचं होतं आणि बहुतेकांनी घेतले. पण माणसं नेमायला, त्यांना गावाची ओळख व्हायला आणि गावाला त्यांची खात्री पटायला दोन वर्षं पुरत नाहीत.

२०२५ च्या अर्थसंकल्पात तीच तरतूद वर्षाला ४ कोटी डॉलरवर आली. कपात झाली की काउंटीच्या कार्यालयात पहिल्यांदा जातात ती कंत्राटावरची पदं, आणि गाडी घेऊन दारोदार फिरणारा माणूस बहुधा कंत्राटावरच असतो.